देवापुढे लायक असणे म्हणजे काय?

आपण प्रार्थनेला बसायच्या लायकीचे नाही, असे अनेक ख्रिस्ती भाविकांना मनातून वाटते. आधी सुधारू, मग देवाकडे जाऊ, हा त्यामागचा समज. कृपा (न कमावता लाभणारी देवाची प्रीती) नेमकी उलट क्रमाने चालते. रेशनकार्डावर बाळाचे नाव चढते ते कमाई पाहून नव्हे, ते त्या घरचे म्हणून. घरची कामे ते नंतर शिकते. सत्कर्मेही तशीच, मागाहून येणारी, पण हवीतच.

लूककृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात उपासांचा हिशेब मांडणारा परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा) आणि दूर उभा राहून ऊर बडवणारा जकातदार मंदिरात येतात. नीतिमान (देवाच्या दृष्टीने निर्दोष) ठरून घरी जातो तो जकातदार. दाखवायला त्याने काहीच आणलेले नसते, हे मला फार मोलाचे वाटते.