खोक्याच्या तळाशी काय दडलंय?

वाईहून पसरणी घाट चढून वर आलं, की जानेवारीत रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीची खोकी मांडलेली दिसतात. वरचा थर गिऱ्हाइकासाठी रचलेला. खरी परीक्षा तळाच्या थराची. एकदा घरी येऊन खोकं उघडलं, तर खालची निम्मी फळं देठापाशी पांढरी. ‘राहू देत दोन दिवस, पिकतील,’ म्हणून ओट्यावर पसरून ठेवली. रंग चढला, पण चव होती तशीच, आंबट आणि पाणचट.

चूक माझीच. मी तिला हापूस समजलो. आंबा, केळं झाडावरून उतरताना स्टार्चचा साठा सोबत आणतात आणि आढीत त्याची साखर होते. स्ट्रॉबेरीकडे अशी शिदोरी नसते. तिची साखर पानांत तयार होऊन देठावाटे येते. देठ तुटला की रसद बंद. तोडल्यावर ती लाल होते, मऊ होते, गोड मात्र होत नाही. म्हणून घेताना देठापर्यंत रंग पोचलाय का आणि वर हिरवी टवटवीत टोपी आहे का, ते बघावं. खोकं उचलून तळ पाहावा. कागदावर ओला लाल डाग असेल तर पुढच्या गाडीकडे वळावं. आकाराच्या मोहात पडू नये, नाकावर विश्वास ठेवावा.

(वनस्पतिशास्त्र तर स्ट्रॉबेरीला ‘बेरी’ मानतच नाही! तिच्या अंगावरचा प्रत्येक दाणा हेच एक फळ, आपण खातो तो फुलाचा फुगलेला देठाग्र. आपलं करवंद मात्र अस्सल बेरी.)

घरी आणल्यावर धुवायची घाई नको. फळावर राखाडी लव आणणारी बोट्रायटिस ही बुरशी बहुतेकदा शेतातूनच, कधी फुलात शिरून, सोबत आलेली असते. तिला हवा असतो ओलावा. एखादं नासकं फळ असेल तर लगेच काढावं, बाकीची कोरड्या कागदावर एका थरात फ्रिजमध्ये. खायच्या वेळी धुवावीत, आणि टोपी धुतल्यावरच काढावी, नाहीतर पाणी आत शिरतं.

चार दिवसांत संपणार नसतील तर फ्रीझर. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. गोठणं जितकं सावकाश, तितके बर्फाचे स्फटिक मोठे, आणि ते पेशींच्या भिंती फाडतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकनाने लॅब्राडॉरच्या कडाक्याच्या थंडीत पकडताक्षणी गोठलेले मासे पाहिले. वितळल्यावरही ते ताजे लागत. त्यातूनच पुढे झटपट गोठवण्याचा उद्योग उभा राहिला. घरच्या उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये तेवढा वेग नाही, तरी धुऊन पुसलेली फळं ताटलीत सुटी सुटी पसरली तर लवकर गोठतात. गारगोट्यांसारखी खडखडू लागली की पिशवीत भरावीत, हवा दाबून काढावी.

अशी फळं वितळल्यावर लिबलिबीत होणारच, तेव्हा ती नुसती खायला काढू नयेत. मिल्कशेकला गोठलेलीच टाकावीत, दूधही गारच हवं. कोमट दुधात त्यांचं आम्ल पडलं की ते फाटतं. श्रीखंडासाठी मात्र चाळणीत वितळू द्यावीत, कारण तो रस चक्क्यात गेला तर रात्रभर बांधून ठेवलेल्या दह्याचे कष्ट पाण्यात. गाळलेला रस जाड बुडाच्या पातेल्यात मधासारखा आटवावा, गार करावा आणि फळाच्या गरासोबत चक्क्यात फेटावा. वेलची घालू नये.