वारा पडलाय, की आपणच त्याच्याबरोबर पळतोय?

सापेक्ष वेग तुम्ही अकरावीतच शिकलात. आज तो एका शिडाच्या होडीवर वापरून बघू.

स्पिनेकर म्हणजे वारा मागच्या बाजूने येत असताना होडीच्या पुढे फुगणारं, पातळ नायलॉनचं मोठं शीड. छोट्या होडीवर दोघांना सांभाळता येईल असा त्याचा सोपा प्रकार म्हणजे क्रूझिंग स्पिनेकर. याला वेगळा दांडा लागत नाही. एक टोक होडीच्या पुढच्या टोकाशी दोराने बांधतात, दुसरं डोलकाठीवर चढवतात आणि तिसऱ्याचा दोर ओढून-सोडून शिडाचा आकार सांभाळतात.

समजा, खरा वारा 15 नॉट आहे, म्हणजे ताशी साधारण 28 किलोमीटर. होडी त्याच दिशेने 6 नॉटने चाललीय. होडीवर वारा किती जाणवेल? 15 वजा 6, म्हणजे फक्त 9 नॉट. डोलकाठीवरचा वायुवेगमापकही 9च दाखवेल. तो बिघडलेला नाही, तोही होडीबरोबर पळतोय. या वाऱ्याला भासमान वारा म्हणू. (सरळ वाऱ्याच्या दिशेने जाताना मुख्य शीड स्पिनेकरचा वारा अडवतं, म्हणून प्रत्यक्षात होडी थोडी तिरकी नेतात. इथे गणित सोपं राहावं म्हणून सरळ दिशा घेतलीय.)

आता समोर काहीतरी आलं आणि होडी वाऱ्याला काटकोनात वळवावी लागली. वेग तोच धरला, तर भासमान वारा 15 आणि 6 च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे 16 नॉट. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 16 भागिले 9, त्याचा वर्ग: तीन पटींहून जास्त! जोर शिडाच्या कोनावरही अवलंबून असतो, त्यामुळे हा ढोबळ अंदाज समजा. पण हा जोर आता आडवा लागतो. होडी एका अंगावर झुकते, सुकाणूची पकड सुटते आणि होडी ऐकेनाशी होते.

मग करायचं काय? शीड चढवण्याआधीच मर्यादा ठरवायची, आणि तीही खऱ्या वाऱ्याची. दुसरं, पाण्याकडे बघायचं. समुद्र काही होडीबरोबर पळत नाही. लाटांवर बऱ्याच ठिकाणी पांढरा फेस दिसू लागला, तर ब्यूफर्ट मापनश्रेणीप्रमाणे वारा साधारण 11 ते 16 नॉट असतो, मग यंत्र काहीही म्हणो. तिसरं, शीड उतरवताना वाऱ्याकडे तोंड करायचं नाही. उलट होडी वाऱ्याच्या दिशेने न्यायची, म्हणजे स्पिनेकर मुख्य शिडाच्या आडोशाला येतो. मग दोर सैल सोडायचा, आणि वर लांब कापडी खोळ बसवलेली असेल तर ती खाली ओढून शीड मिटवायचं.

तुमच्या प्रयोगातही हा प्रश्न विचारा: मोजणारं यंत्र स्वतः कशावर स्वार आहे? विद्युतरोधावर चालणारा तापमापक त्याच्यातून जाणाऱ्या प्रवाहानेच किंचित तापतो. त्याचा आकडाही असाच तपासून घ्यावा लागतो.

जाता जाता एक गणित. खरा वारा 20 नॉट, होडी 7 नॉट. काटकोनात वळल्यावर जोर किती पट? उत्तर अडीच पटींच्या थोडं वर यायला हवं. करून बघा.