अष्टविनायक : शास्त्राचा क्रम आणि रस्त्याचा क्रम

अष्टविनायकाला निघताना मोबाईलच्या नकाशात महड टाकाल तेव्हा ते खालापूर तालुक्यातले, खोपोलीजवळचे आहे ना, एवढे पाहून घ्या. एक काना जास्त पडला की गाडी चवदार तळ्याच्या महाडला निघते, आणि तेही रायगड जिल्ह्यातच असल्याने कुणाला संशय येत नाही. ओझर जुन्नर तालुक्यातले हवे, नाशिकजवळचे विमानतळाचे नव्हे. पाली सुधागडातली, सातारा जिल्ह्यातली पाली खंडोबाची. रांजणगाव पुणे–नगर रस्त्यावरचे. एक रांजणगाव वाळूजजवळही आहे.

खरा घोळ मात्र क्रमाचा. शास्त्राप्रमाणे मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि सांगतेला पुन्हा मोरगाव. म्हणजे भीमाकाठच्या सिद्धटेकहून थेट घाट उतरून कोकणात पाली, आणि महड करून पुन्हा घाट चढून थेऊर! घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह असेल तर जरूर पाळावा. पण तुम्ही कुठल्या क्रमाने आलात हे कुठल्याच देवळात विचारत नाहीत, आणि सहलीच्या गाड्याही बहुधा रस्त्याच्या सोयीनेच फिरतात. दोन दिवसांत आठही गणपती ‘उरकणाऱ्या’ सहली मिळतात. त्यात देवापेक्षा गाडीच्या खिडकीचे दर्शन जास्त घडते. तीन दिवस काढावेत. मंगळवार, संकष्टी आणि विशेषतः अंगारकी टाळावी. माघी आणि भाद्रपदातली चतुर्थीचा तर प्रश्नच नाही.

पुण्याहून पहाटे सासवड–जेजुरीमार्गे मोरगाव गाठावे. चार कोपऱ्यांना मिनार असलेले हे देऊळ लांबून गढीच वाटते, आणि गणपतीसमोर चक्क नंदी बसलेला. तिथून दौंडमार्गे सिद्धटेक. पूर्वी शिरापूरहून होडीने भीमा ओलांडावी लागे, आता पूल आहे. मूर्ती उजव्या सोंडेची, देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेले. इथली प्रदक्षिणा करायची तर अख्ख्या टेकडीला वळसा पडतो, तेव्हा उन्हाचा अंदाज घेऊनच ठरवा. परतताना सोलापूर रस्त्यावरून आत वळले की थेऊर.

थेऊरला घाई करू नये. क्षयाने पोखरलेले थोरले माधवराव पेशवे अखेरच्या दिवसांत इथल्या चिंतामणी गणपतीच्या सान्निध्यात येऊन राहिले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी इथेच गेले. त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. रमाबाईंचे स्मारक नदीकाठी आहे. बहुतेक गाड्या मात्र दर्शन झाले की लगेच सुरू होतात. मुक्काम रांजणगावला केला तर महागणपतीचे दर्शन सकाळच्या निवांतपणात होते.

दुसऱ्या दिवशी ओझरला पोहोचून भक्तनिवासात खोली घ्यावी. लेण्याद्री त्याच दुपारी करण्याचा मोह टाळावा. सुमारे ३०० पायऱ्या आहेत, वाटेवर माकडे आहेत, आणि पिशवीत खाऊ असल्याचे त्यांना तुमच्याआधी कळते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी डोली मिळते. बौद्ध लेण्यांच्या ओळीत, खांब नसलेल्या एका प्रशस्त विहारात गिरिजात्मज बसला आहे, म्हणून इथे पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढावे लागते. चढाई तिसऱ्या दिवशी सकाळीच उरकावी. आदली दुपार मोकळी राहते, ती जुन्नर–शिवनेरीला द्या.

लेण्याद्रीहून कोकणात उतरायला दोन वाटा. पुण्याच्या बाजूने यायचे तर चाकणची वाहतूक कोंडी आणि मग खंडाळ्याचा घाट. मुंबईकरांनी माळशेज उतरून मुरबाड–कर्जतवरून खोपोली गाठावी. पावसाळ्यात मात्र माळशेजच्या दरडींची बातमी आधी विचारून घ्यावी. महडला गाभाऱ्यात जाऊन स्वतः पूजा करता येते, तेव्हा सोवळे-पंचा हाताशी असू द्या. पालीला आधी धुंडीविनायक, मग बल्लाळेश्वर. तिथली मोठी घंटा चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर दिलेली, असे सांगतात. वेळ उरला तर तीनेक किलोमीटरवर उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडे आहेत.

नवस बोललेला असेल तर सांगतेचे मोरगाव राहतेच. पालीहून त्याच संध्याकाळी तिकडे गाडी पिटाळू नये. चालकही माणूसच आहे. पुण्यात झोपून चौथ्या दिवशी सकाळी जावे.