कृष्णाकाठची खपली आणि गव्हाचा तांबेरा

खपली गव्हाला सध्या बरे दिवस आले आहेत. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या घरांत हा गहू पूर्वी खिरीसाठी, शेवयांसाठी, पुरणपोळीसाठी राखून ठेवलेला असे. आता तो पुण्या-मुंबईच्या दुकानांतही 'आरोग्यदायी' म्हणून चढ्या भावाने विकला जातो. मात्र या गव्हाची सर्वांत मोठी कामगिरी पाकिटावर छापलेली नसते. गव्हावरच्या तांबेरा रोगाशी जगभरात जी झुंज चालू आहे, तिच्यात 'खपली' हे आपले नाव गेली शंभर वर्षे जसेच्या तसे घेतले जाते.

वाऱ्यावरचा शत्रू

तांबेरा, म्हणजेच गेरवा, हा बुरशीजन्य रोग आहे. पानावर किंवा खोडावर गंजासारखे फोड येतात. बोट फिरवले तर तांबडी भुकटी लागते. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. एका फोडातून हजारो बीजाणू उडतात आणि अनुकूल हवेत दहा-पंधरा दिवसांत त्यांची पुढची पिढी तयार होते. पिवळा तांबेरा थंड उत्तरेत त्रास देतो. महाराष्ट्राला धोका आहे तो नारिंगी आणि काळ्या तांबेऱ्याचा. त्यातला काळा तांबेरा अधिक घातक. तो खोडावर येतो, दाण्याकडे जाणारे अन्न-पाणी तोडतो आणि दाणा चिमतो. पोत्यात गहू दिसतो, पण त्यातून पीठ कमी आणि कोंडा जास्त निघतो.

ही बुरशी फक्त जिवंत रोपावर जगते. मग उन्हाळ्यात मैदानी भागात गव्हाचे पीकच नसताना ती जाते कुठे? आग्रा कॉलेजचे प्रा. करमचंद मेहता यांनी हे कोडे सोडवले. उन्हाळ्यात ही बुरशी मैदानात मरते, मात्र डोंगरांतल्या थंड हवेत गव्हावर तग धरते आणि तिथून दरवर्षी नव्याने खाली येते, असे त्यांनी दाखवून दिले. दक्षिणेत ही जागा म्हणजे निलगिरी आणि पळणीचे डोंगर. नोव्हेंबरच्या आसपास बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांच्या वाऱ्यांबरोबर तिथले बीजाणू मध्य भारतापर्यंत पोहोचतात आणि पावसाबरोबर पिकावर उतरतात, हे पुढच्या संशोधकांनी तपासले. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली. तिच्यात सुमारे २० लाख टन गहू गेल्याचा अंदाज आहे.

वाऱ्याला कुंपण घालता येत नाही आणि प्रत्येक शेतात वारंवार फवारणी करणे परवडत नाही. म्हणून रोपातच प्रतिकारशक्ती आणायची, हा मार्ग पुढे आला. १९०५ मध्ये केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी गव्हाची तांबेराविरोधी शक्ती मेंडेलच्या नियमांप्रमाणे पुढच्या पिढीत उतरते, हे दाखवले. म्हणजे ही शक्ती एका वाणातून दुसऱ्यात संकराने नेता येते.

खपली जगाच्या शेतात

अडचण अशी, की तांबेऱ्याची बुरशी एकजिनसी नाही. तिच्या अनेक उपजाती आहेत. एका वाणापुढे हरणारी उपजात दुसऱ्या वाणाला सहज ग्रासते. अमेरिकेतील मिनेसोटाचे शास्त्रज्ञ ई. सी. स्टॅकमन यांनी या उपजाती ओळखण्यासाठी गव्हाचे १२ ठरावीक वाण निवडले. बुरशीचा नमुना या बारांवर सोडायचा आणि कोणत्या वाणावर फोड येतात, कोणत्यावर नाही, यावरून उपजात ठरवायची. या बारांमध्ये भारतातून गेलेली 'खपली' होती आणि रोगाला चिवटपणे दाद न देणाऱ्यांत तिची गणना होत असे.

ही शक्ती साध्या गव्हात आणणे सोपे नव्हते. खपलीत २८ गुणसूत्रे असतात आणि पोळीच्या गव्हात ४२. दोघांच्या संकरातून आलेली बरीच रोपे वांझ निघतात. तरीही सिडनी विद्यापीठातील वॉल्टर वॉटरहाउस यांनी खपलीचा 'स्टाइनवेडेल' या गव्हाशी संकर करून 'खॅपस्टाइन' हे वाण मिळवले. त्यात उतरलेल्या जनुकांपैकी एकाला पुढे 'एसआर १३' हे नाव मिळाले.

त्याचे मोल कळले १९९८ नंतर. त्या वर्षी युगांडात काळ्या तांबेऱ्याची 'युजी-९९' ही नवी उपजात सापडली. जगभरच्या असंख्य वाणांची भिस्त 'एसआर ३१' या जनुकावर होती आणि नेमके तेच तिने निष्प्रभ केले. पर्यायांचा शोध सुरू झाला, तेव्हा युजी-९९ च्या गटाला रोखू शकणाऱ्या जनुकांत एसआर १३ होते. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी हे जनुक नेमके शोधून वेगळे केले. गव्हाच्या पेशीत ते बुरशीला ओळखणारे प्रथिन तयार करते. बुरशी ओळखली गेली की तिच्याभोवतीच्या पेशी स्वतःहून मरतात आणि जिवंत पेशींवरच जगणाऱ्या बुरशीची उपासमार होते.

पण इथेही गोष्ट संपत नाही. इथिओपियात एसआर १३ लाही न जुमानणारी उपजात आढळली आहे. हा खेळ फक्त गव्हापुरता नाही. अमेरिकेतल्या पाइन वृक्षांवर तांबेऱ्याचीच एक भाऊबंद बुरशी येते. तिथल्या 'शुगर पाइन' या झाडात एकच प्रभावी प्रतिकारक जनुक सापडले, त्यावर मोठी आशा ठेवली गेली आणि १९७० च्या दशकात त्याला चुकवणारी बुरशी निघाली. गव्हाचे नवे वाण यायला दहा-बारा वर्षे लागतात; झाडांच्या बाबतीत तो काळ दशकांत मोजावा लागतो. एका जनुकावर विसंबणे म्हणजे घराला एकच कडी लावून निर्धास्त झोपणे. म्हणून आता एकाच वाणात अनेक जनुके एकत्र आणली जातात. त्यांत 'एसआर २' सारखे जनुकही असते. ते रोग पूर्ण थांबवत नाही, पण त्याचा वेग कमी करते. तेही मूळचे खपलीच्याच कुळातल्या एका गव्हातून, शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घेतलेले. इतक्या वर्षांनंतरही ते उपयोगी पडते आहे.

महाबळेश्वरची परीक्षा

या कामाचा एक महत्त्वाचा टप्पा साताऱ्यात पार पडतो. महाबळेश्वरची थंड, दमट हवा पर्यटकांइतकीच तांबेऱ्यालाही मानवते. म्हणून महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या तिथल्या संशोधन केंद्रात गव्हाच्या नव्या वाणांवर मुद्दाम तांबेरा सोडला जातो. जे वाण इथे टिकत नाही, ते शेतकऱ्याच्या हाती देण्यात अर्थ नसतो.

अशा चाळणीतून आलेल्या बियाण्याने काय फरक पडतो, हे कोरेगाव तालुक्यातील करंजखोपने पाहिले आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेले 'एमएसीएस ६४७८' हे वाण तिथल्या शेतकऱ्यांनी लावले. लोक-१, एचडी २१८९ अशा जुन्या वाणांतून हेक्टरी २५ ते ३० क्विंटल मिळत असे, तिथे ४५ ते ६० क्विंटल उत्पादन आले. हे वाण ११० दिवसांत तयार होते आणि काळ्या व नारिंगी तांबेऱ्याच्या बहुतेक उपजातींना दाद देत नाही. दाण्यात प्रथिने सुमारे १४ टक्के असून जस्त आणि लोहही चांगले आहे.

तरीही तेच ते वाण वर्षानुवर्षे सगळीकडे पेरले, तर त्याला चुकवणाऱ्या बुरशीचे फावते. म्हणून शिफारस केलेली दोन-तीन वाणे आलटूनपालटून घ्यावीत. पेरणी वेळेवर करावी. उशिरा पेरलेला गहू वाढत्या उष्णतेत काळ्या तांबेऱ्याच्या तावडीत सापडतो. नत्राचा अतिरेक टाळावा. पहिले फोड दिसताच कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

शहरातल्या खाणाऱ्यांसाठीही दोन गोष्टी. खपलीत ग्लुटेन असते. 'ग्लुटेनमुक्त' समजून सिलिअॅक रोगाच्या रुग्णांनी ती मुळीच खाऊ नये. मधुमेह असलेल्यांनीही ती शेवटी गहूच आहे हे लक्षात ठेवून प्रमाणातच खावी. बाकीच्यांनी मात्र ती आवडीने खायला हरकत नाही. जनुककोशातल्या शीतपेटीत बियाणे सुरक्षित राहते, पण बदलत्या हवेशी आणि रोगांशी जुळवून घेत वाढते ते शेतातच. खपली शेतात टिकायची तर तिला ताटात गिऱ्हाईक हवे. तांबेऱ्याची पुढची उपजात कधी येईल, कोणते जनुक तिला अडवील, हे आज सांगता येत नाही. ते जनुक कृष्णाकाठच्या एखाद्या जुन्या बियाण्यातही असू शकते. ते बियाणे तोवर शिल्लक असले पाहिजे.