इलेक्ट्रॉनिक फिल्म कॅमेरे आणि दुरुस्तीचे अर्थकारण

जयपूरच्या हवामहलासमोर शतकाहून जुन्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या लाकडी पेटी-कॅमेऱ्याने एकविसाव्या शतकातही पर्यटकांची छायाचित्रे काढून दिली जात होती. याच शहरातील अजमेर रस्त्यालगतच्या सोडाला वस्तीत एखाद्या घरच्या कपाटातून १९८०च्या दशकातील इलेक्ट्रॉनिक फिल्म कॅमेरा बंद अवस्थेत निघाला, तर तो पुन्हा चालेल याची खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही. जुने यंत्र टिकते आणि त्यामानाने नवे निकामी होते, असे का व्हावे?

१९७६ मध्ये जपानमधून दोन कॅमेरे बाजारात आले. पेन्टॅक्स के-१००० चे शटर सर्व वेगांवर केवळ स्प्रिंग व दातेरी चाकांवर चालते; बॅटरी लागते ती फक्त प्रकाशमापकाला. कॅनन एई-१ मध्ये सूक्ष्मप्रक्रियक होता व सहा व्होल्टची बॅटरी संपली की शटर उघडतच नाही. त्या काळी ही प्रगतीच होती आणि किंमतही त्यामुळे आवाक्यात आली. परंतु दुरुस्तीचे स्वरूप मुळातून बदलले. एई-१ च्या आरशाच्या यंत्रणेतून कुरकुर ऐकू येऊ लागली, तर जाणकार कारागीर योग्य जागी तेलाचा थेंब सोडून ती थांबवू शकतो. सर्किटमधील खास त्या कॅमेऱ्यासाठी घडवलेली चकती जळाली, तर ती कानसून तयार करता येत नाही. दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून काढावी लागते.

येथेच अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. दोन मृत कॅमेऱ्यांतून एक जिवंत होतो आणि दर दुरुस्तीगणिक सुट्या भागांचा साठा घटतो. खाणीतील खनिजाप्रमाणे तो पुन्हा भरून येत नाही. शिवाय दोष शोधण्यातच तासन्‌तास जातात. कॅमेरा सुरू झाला नाही, तर त्या श्रमांचे मोल मागणे कारागिराला अवघड जाते. ग्राहक दुरुस्तीच्या खर्चाची तुलना दुसऱ्या वापरलेल्या कॅमेऱ्याच्या किमतीशी करतो, आणि त्याचे चुकते असेही नाही. अशा बेभरवशाच्या उत्पन्नावर नवा शिकाऊ तयार होणे कठीण. दुकान बंद होते तेव्हा हातातले ज्ञानही जाते. खुद्द पेन्टॅक्सने डिसेंबर २०२२ मध्ये नव्या फिल्म कॅमेऱ्याचा प्रकल्प जाहीर केला, तेव्हा तरुण अभियंत्यांना जुन्या पिढीतील अभियंत्यांकडून शिकावे लागले. त्यातून २०२४ मध्ये पेन्टॅक्स १७ हा कॅमेरा आला. कंपनीची ही स्थिती, तर गल्लीतील कारागिराने काय करावे?

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल व टॅबलेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने निवडली. दुरुस्तीसुलभता निर्देशांकाबाबतचा मे २०२५ मधील अहवालही प्रथम स्मार्टफोन व टॅबलेटचाच विचार करतो. हा क्रम योग्यच आहे, कारण त्या वस्तू कोट्यवधींच्या हाती आहेत. मात्र या चौकटीचा रोख विकल्या जात असलेल्या मालावर आहे. उत्पादन थांबून चाळीस वर्षे लोटलेल्या वस्तूंचे सुटे भाग पुरवण्याची सक्ती कोणावर करणे व्यवहार्य नाही. परंतु त्यांच्या दुरुस्ती पुस्तिका व सर्किटचे आराखडे खुले करण्यास निर्मात्यांना फारसा खर्च येणार नाही. सोडाल्यातील त्या कॅमेऱ्याचे भवितव्य बहुधा अशा एखाद्या आराखड्यावर आणि कोणीतरी भंगारात न टाकलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर अवलंबून राहील.