ओळख कॅमेऱ्याची : रिकाम्या जागेवर फोकस

ॲपर्चरचे आकडे या आठवड्यात घेणार होतो, पण ते पुढे ढकलतो. गेल्या वेळच्या ‘स्वतःचा फोटो काढा’ या गृहपाठावर इतकी विचारणा झाली की तो विषय नीट मोकळा केल्याशिवाय पुढे जाववत नाही. पारोळ्याच्या एका वाचकांनी सरळच विचारलं आहे, ‘नवशिक्याला पहिल्याच दिवशी स्वतःचा फोटो का काढायला लावता? फूल, देऊळ, नदी यांपासून सुरुवात का नको? आणि सेल्फी काय, आमचा नातूही काढतो.’

भडगावच्या आमच्या फोटोग्राफीच्या वर्गात तोंडी ओळख करून द्यायची नाही, असा रिवाज ठेवला आहे. अमक्याचा मुलगा, तमक्या गल्लीत घर, एवढं इथे प्रत्येकाला प्रत्येकाबद्दल आधीच माहीत असतं. ते पुन्हा ऐकून काय मिळणार? म्हणून एकच फोटो आणायचा, स्वतःचा, स्वतः काढलेला. अट एवढीच की कॅमेरा हातात धरायचा नाही.

ही अट का, ते हिशेबाने सांगतो. हात लांबवून सेल्फी काढताना मोबाइल नाकापासून साधारण 40 सेंटिमीटरवर असतो. कान नाकाच्या जवळपास 12 सेंटिमीटर मागे. म्हणजे नाक 40 वर आणि कान 52 वर. फोटोत नाक कानांच्या मानाने तीस टक्के मोठं उमटतं. तोच कॅमेरा दोन मीटरवर ठेवा, अंतरं 200 आणि 212 होतात, फरक सहा टक्क्यांवर येतो. लोक लेन्सला दोष देतात, पण हा सगळा खेळ अंतराचा आहे. ‘मी फोटोत चांगला दिसत नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना मी फक्त मागे सरकायला सांगतो.

उरलेल्या निम्म्यांचं कारण वेगळं. आपण स्वतःला जन्मभर आरशात पाहतो, म्हणजे डावं-उजवं उलटं. 1977 साली अमेरिकेत मीटा, डर्मर आणि नाइट या तीन संशोधकांनी काही जणींना स्वतःच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखी. त्यांतल्या बहुतेकींना आरशातली आवडली आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ. दोघींना आवडला तो रोजच्या सवयीचाच चेहरा. तेव्हा आपला फोटो आपल्याला परका वाटला तर लगेच पुसून टाकू नका, चार दिवस ठेवा.

आता मुख्य अडचण. वर्गातल्या एका पोराने ती आमच्या अहिराणीत फार नेमकी मांडली होती, ‘सर, मना फोटू मीच कसा काढू?’ कॅमेऱ्यामागे उभं राहावं तर समोर कुणी नाही, समोर जावं तर मागे कुणी नाही. फोकस करायचा तो रिकाम्या जागेवर.

या कलेच्या अगदी आरंभीच ही अडचण आलेली आहे. फिलाडेल्फियातल्या दिव्यांच्या कारखानदाराचा मुलगा रॉबर्ट कॉर्नेलियस याने 1839 साली आपल्या दुकानाच्या मागे उघड्यावर कॅमेरा मांडला, स्वतःच लेन्सचं झाकण काढलं आणि समोर जाऊन काही मिनिटं निश्चल राहिला. तो फोटो आजही आहे. केस विस्कटलेले, हाताची घडी, आणि माणूस चौकटीच्या मधोमध नाही, एका बाजूला सरकलेला. आपण कुठे उभे आहोत ते त्याला दिसणारच नव्हतं! तो फोटो पाहिला की मला ते सरकलेपण फार आवडतं. काढणारा आणि काढला जाणारा एकच असल्याची खूण तिथे राहिली आहे.

पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये इप्पोलित बायार या सरकारी कारकुनाने आणखी पुढची मजल मारली. कागदावर थेट फोटो उमटवण्याची स्वतःची रीत त्याने शोधली होती, 1839 च्या जूनमध्ये आपले फोटो लोकांना दाखवलेही होते. पण मान आणि सरकारी पेन्शन गेलं फोटोची दुसरी रीत शोधणाऱ्या दागेरला. तेव्हा बायारने उघड्या अंगाने, डोळे मिटून, बुडून मेलेल्या माणसासारखा स्वतःचा फोटो काढला आणि मागे लिहिलं की हे प्रेत बायारचं आहे. मिटलेले डोळे त्या सोंगाला शोभले आणि कामालाही आले. इतका वेळ उघडे ठेवलेले डोळे लवले असते आणि फोटोत धूसर झाले असते. स्वतःच्या फोटोत गाऱ्हाणंही मांडता येतं, हे 1840 पासून माहीत आहे.

तर रिकाम्या जागेचं करायचं काय? जिथे बसणार तिथे खुर्ची ठेवा. खुर्चीच्या पाठीला, डोळ्यांच्या उंचीवर येईल असा केरसुणीचा दांडा बांधा. त्या दांड्यावर फोकस करा. बऱ्याच मोबाइलवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच लॉक होतात. मोठ्या कॅमेऱ्यात फोकस झाला की लेन्स मॅन्युअलवर टाका. मग दांडा सोडा, टायमर दहा सेकंदांवर लावा आणि जागेवर जाऊन बसा. फोकस असा लॉक करता येत नसेल तर टायमरचं बटण कॅमेऱ्यासमोर उभं राहून दाबू नका. अनेक कॅमेरे बटण दाबताक्षणीच फोकस करतात, तो तुमच्या शर्टाच्या गुंडीवर होईल. डीएसएलआर असेल तर डोळा लावायच्या काचेवर रुमाल टाका, नाहीतर मागून शिरलेल्या उजेडाने मोजणी चुकते. बघा, देवळाचा फोटो काढताना यातलं एकही शिकावं लागलं नसतं. पारोळ्याच्या वाचकांना माझं हे अर्धं उत्तर.

उजेडासाठी मात्र मी सगळ्यांना चाळीसगावला नेतो, निदान मनाने. तिथले छायाचित्रकार केकी मूस यांच्या एकांताची गोष्ट खान्देशात कुणाला नव्याने सांगायला नको. 1912 चा जन्म, शेफील्डच्या बेनेट कॉलेजचं शिक्षण, आणि नंतर 1989 च्या 31 डिसेंबरला जग सोडेपर्यंतची दशकंच्या दशकं स्टेशनजवळच्या एका घरात. त्या एकांताच्या गोष्टीपुढे लोक त्यांचं काम विसरतात, याचं मला वाईट वाटतं. टेबलावर घरातल्याच वस्तू मांडून खरा निसर्ग भासावा असे फोटो त्यांनी काढले. घराला नाव दिलं ‘रेम्ब्रांज रिट्रीट’. आणि रेम्ब्रां कोण? तो चित्रकार, ज्याने तरुणपणापासून मरणाच्या वर्षापर्यंत स्वतःचाच चेहरा पुन्हापुन्हा काढला, रंगवलेली, कोरलेली, रेखाटलेली धरून साधारण ऐंशी चित्रं. घराबाहेर न पडणाऱ्या माणसाने दारावर नाव लावावं ते याचं, हे मला अतिशय योग्य वाटतं.

रेम्ब्रांच्या नावाने ओळखला जाणारा उजेड आपल्याकडे फुकट आहे. धाब्याच्या जुन्या घरात जाड भिंती आणि एकच लहान खिडकी. तिच्यापासून तीनेक फुटांवर, खिडकी थोडी समोर आणि थोडी बाजूला येईल असे बसा. मान हळूहळू वळवा. नाकाची सावली लांबत जाऊन गालाच्या सावलीला टेकते, आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा लहानसा त्रिकोण उरतो. तिथे थांबा. सावली फारच काळी वाटली तर त्या बाजूला दोरीवर पांढरं धोतर टाका. मे महिन्यातल्या दुपारी अंगणात डोळे बारीक करून काढलेला कोणताही फोटो याच्या जवळपास येणार नाही.

राहिलं उत्तराचं दुसरं अर्धं. या फोटोत चेहरा असलाच पाहिजे असं मी कधीही म्हणत नाही. एका केळीवाल्या शेतकऱ्याने खुंटीवर टांगलेला आपला कामाचा शर्ट आणला होता. केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही. शर्टाच्या उजव्या खांद्यावर डाग एकावर एक साचून काळेभोर झाले होते, डावा खांदा त्या मानाने कोरा. घड कोणत्या खांद्यावर येतो ते वर्गाला विचारावं लागलं नाही. शर्टावर त्याची स्वतःची सावली पडली होती, तेवढाच तो त्या फोटोत. जिनिंगमधल्या एका बाईंनी नुसते हात आणले, मनगटापर्यंत लवेत अडकलेल्या सरकीच्या तंतूंसकट. फोटो तिरप्या उजेडात काढला म्हणून तंतू दिसले, समोरून उजेड टाकला असता तर एकही दिसला नसता. मागच्या लेखात तिरप्या उजेडाबद्दल लिहिलं होतं ते हेच.

असे फोटो भिंतीवर नावाशिवाय लावतो आणि ओळखायला सांगतो. शेजारच्या गल्लीतला, लहानपणापासून पाहिलेला माणूस ओळखू येत नाही, तेव्हा वर्गात खरी बातचीत सुरू होते. काय दाखवायचं आणि काय वगळायचं हे स्वतःबद्दल एकदा ठरवून पाहिलेला माणूस दुसऱ्यावर कॅमेरा रोखताना जरा थांबतो, विचारून घेतो. माझ्या लेखी पहिल्या दिवशीचा धडा तोच.

फोटो मोबाइलमध्येच ठेवू नका. चार बाय सहाची प्रिंट काढा. मागे तारीख, गाव आणि उजेड कुठून घेतला ते लिहा. बॉलपेन दाबू नका, पुढच्या बाजूला उठतं.