समजून घ्या : विळ्याला ‘पाणी’ देतात म्हणजे नेमके काय करतात?

परभणी : सोयाबीनची काढणी जवळ आली की विळे घेऊन लोक लोहाराकडे जातात. जिंतूर असो वा गंगाखेड, अनुभव सारखाच. एक विळा हंगामभर टिकतो. तसाच दिसणारा दुसरा दोन दिवसांत वाकतो, नाहीतर त्याच्या धारेचा टवका उडतो. दोष लोखंडाचा की पाणी देण्याचा? हीट ट्रीटमेंटचे मोजके शब्द कळले की उत्तर सापडते.

आधी कार्बन पाहा

लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होते. अँगल-पट्टीच्या माइल्ड स्टीलमध्ये कार्बन साधारण ०.२५ टक्क्यांपेक्षा कमी असतो. त्याला कितीही पाणी द्या, धार टिकत नाही. ट्रकच्या कमान पाट्यात तो ०.५ ते ०.६ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणूनच लोहाराकडे जुन्या पाट्याला मान आहे.

हे शब्द ओळखा

● हार्डनिंग : पोलाद सुमारे ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. आतली रचना बदलून कार्बन त्यात विरघळतो. सोपी खूण म्हणजे लोहचुंबक. सुमारे ७७० अंशांच्या पुढे ते चिकटत नाही. त्यानंतर थोडे आणखी तापवायचे.

● क्वेंचिंग : तापलेले पाते झटक्यात थंड करणे. कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो आतच अडकतो. या अतिशय कडक रचनेला जर्मन संशोधक अडॉल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून ‘मार्टेन्साइट’ म्हणतात. पाणी झपाट्याने थंड करते, तेल सावकाश. कमान पाट्याचे पोलाद पाण्यात तडकू शकते, त्यामुळे त्याला तेल बरे.

● टेंपरिंग : क्वेंच केलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा हलके तापवतात. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर सुमारे २२० अंशांना फिकट पिवळा, तर ३०० च्या आसपास निळा रंग येतो. पिवळ्यावर थांबले की धार कडक, निळ्यापर्यंत गेले की पाते चिवट.

● अॅनिलिंग आणि नॉर्मलायझिंग : तापवून भट्टीत किंवा राखेत हळूहळू थंड केले तर पोलाद मऊ होते, ते अॅनिलिंग. मोकळ्या हवेत थंड केले तर ठोकताना आलेला ताण निघतो, ते नॉर्मलायझिंग.

● केस हार्डनिंग : कमी कार्बनच्या पोलादात फक्त वरच्या थरात कार्बन मुरवून तो थर कडक करतात. गिअरचे दात असे बाहेरून कडक, आतून चिवट असतात.

मग विळा बिघडतो कुठे?

वाकत असेल तर कार्बन कमी आहे किंवा पाते पुरेसे तापलेच नव्हते. टवके उडत असतील तर टेंपरिंग राहिले असण्याची शक्यता जास्त. ग्राइंडरवर धार लावताना कड निळी पडली, तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले समजा. थांबत-थांबत, पाण्यात बुडवत धार लावा.

रोटाव्हेटरचे तुटलेले पाते वेल्ड करून वापरणे मात्र धोक्याचे. जोडाशेजारचा भाग झटक्यात थंड होऊन ठिसूळ होतो. फिरत्या यंत्रातून तुकडा उडाला तर जिवावर बेतू शकते. पाते बदललेलेच बरे.

घेताना काय तपासाल?

धारेवर कानस फिरवा. ती सहज चावली तर पाते मऊ आहे, घसरली तर कडक. मग लोहाराला एवढेच विचारा, ‘पाटा कमानीचा आहे ना, आणि पाणी दिल्यावर पुन्हा तापवला का?’